पुठ्ठ्याची चकती आणि हलणारी चित्रं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. विज्ञानशिक्षकांच्या एका कार्यशाळेत आम्ही पुठ्ठ्याची खेळणी करून दाखवत होतो. एका कार्डाच्या पुढच्या बाजूला पिंजरा, मागच्या बाजूला पोपट. दोन्ही कडांना दोरे बांधायचे, पीळ द्यायचा आणि ताणायचे. कार्ड गरगर फिरतं आणि पोपट पिंजऱ्यात जाऊन बसतो. त्यानंतर पानं भराभर उलटायची वही दाखवली. तिच्यात एक मुलगा धावत होता. शेवटी आम्ही ठरलेलं स्पष्टीकरण दिलं. वस्तू नजरेआड झाली तरी तिची प्रतिमा दृष्टिपटलावर सुमारे १/१६ सेकंद टिकते. तेवढ्यात पुढचं चित्र आलं, की दोन्ही जोडली जातात आणि हालचाल दिसते. याला दृष्टिसातत्य म्हणतात आणि सिनेमा याच तत्त्वावर चालतो.

एका बाईंबरोबर त्यांची नववीतली मुलगी आली होती. तिनं विचारलं, "पोपट आणि पिंजरा एकमेकांत मिसळले, कारण दोन्ही प्रतिमा डोळ्यात राहिल्या. मग वहीतला मुलगा का नाही मिसळत? आधीची चित्रं डोळ्यात उरत असतील तर त्याला खूप पाय दिसायला हवेत."

आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परत येताना मात्र तो प्रश्न पाठ सोडेना. पाठ्यपुस्तकात होतं, आम्ही शिकलो होतो, शिकवतही होतो. पण हा साधा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. मग जुने निबंध शोधून वाचायला घेतले. त्यातून जी हकीकत हाती आली, ती इथे सांगतो आहोत. तिच्यात चित्रकार आहेत, भौतिकशास्त्रज्ञ आहेत, खेळणी आहेत आणि दीडशे वर्षं टिकून राहिलेली एक चूकही आहे.

कोलीत आणि कोळसा

दिवाळीत फुलबाजी हातात आली, की मूल ती गोल फिरवतंच. अंधारात प्रकाशाचं कडं दिसतं. ही गोष्ट माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गौडपादाचार्यांच्या मांडूक्यकारिकेतल्या चौथ्या प्रकरणाचं नावच 'अलातशांती' असं आहे. अलात म्हणजे कोलीत. ते फिरवलं की चक्र दिसतं, थांबवलं की चक्र नाहीसं होतं. जे दिसतं ते खरोखर असतं का, हा तत्त्वज्ञानातला प्रश्न मांडण्यासाठी हा दाखला तिथे आला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीनंही फिरत्या चकतीवरचे रंग एकमेकांत मिसळतात, याची नोंद केली होती.

या दिसण्याला संख्या देण्याचा प्रयत्न झाला तो अठराव्या शतकात. १७६५ साली शेव्हालिए दार्सी यांनी जळता कोळसा यंत्रानं अंधारात फिरवला आणि वेग हळूहळू वाढवला. कडं नेमकं कधी पूर्ण होतं ते पाहिलं. कडं पूर्ण झालं, याचा अर्थ कोळसा एक फेरी करून येईपर्यंत पहिल्या जागेवरचा ठसा पुसला गेलेला नाही. त्या फेरीला लागणारा वेळ मोजला, तो निघाला सुमारे ०.१३ सेकंद. पुढे दुसऱ्या एका शास्त्रज्ञानं वेगळ्या पद्धतीनं मोजलं, तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश सेकंद आला. पाठ्यपुस्तकातला १/१६ सेकंद या दोन्हींपेक्षा कमी आहे. कोणाचं मोजमाप खोटं, असा हा प्रश्न नाही. प्रकाश किती तीव्र, खोली किती अंधारी, ठसा 'पुसला' असं कधी म्हणायचं, यांवर तो काळ अवलंबून असतो. तेव्हा १/१६ हा आकडा निसर्गाचा स्थिरांक असल्यासारखा फळ्यावर लिहू नये, हा पहिला धडा आम्ही शिकलो.

वाकलेले आरे, थांबलेली चाकं

सिनेमाच्या इतिहासावरच्या बऱ्याच पुस्तकांत पहिलं नाव येतं ते पीटर मार्क रॉजे यांचं. हेच ते इंग्रजी समानार्थी शब्दांच्या प्रसिद्ध कोशाचे कर्ते, पेशानं डॉक्टर. डिसेंबर १८२४ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध ठेवला. उभ्या गजांच्या कुंपणापलीकडून गाडी जात असेल, तर चाकाचे आरे वाकलेले दिसतात. ते तसे का दिसतात, याचं गणित रॉजे यांनी मांडलं होतं. निबंध चांगला आहे, पण त्यात हलत्या चित्रांबद्दल एक अक्षर नाही. उलट हलतं चाक स्थिर आणि वेडंवाकडं का दिसतं, एवढाच त्याचा विषय आहे. पुढच्या लेखकांनी निबंध न वाचताच त्याचं नाव घेतलं असावं.

पोपट-पिंजऱ्याचं खेळणंही याच सुमाराचं. १८२५ मध्ये लंडनचे डॉक्टर जॉन एर्टन पॅरिस यांनी ते 'थॉमट्रोप' या नावानं विकायला आणलं.

मग मायकेल फॅरडे आले. एका कारखान्यात दोन दातेरी चाकं एकमेकांमागे वेगानं फिरत होती. त्या दोहोंच्या पलीकडे पाहताना त्यांना दात्यांचं एक पुसट चाक स्थिर उभं असलेलं दिसलं. फॅरडेंनी घरी येऊन पुठ्ठ्याची चाकं कापली आणि खेळ सुरू केला. त्यातला एक प्रयोग महत्त्वाचा ठरला. कडेला खाचा असलेलं एकच चाक आरशासमोर फिरवायचं आणि खाचांमधून आरशातलं त्याचं प्रतिबिंब बघायचं. चाक जोरात फिरत असतं, पण आरशातलं चाक जागच्या जागी थांबलेलं दिसतं! हे १८३१ च्या सुरुवातीला छापून आलं.

हे असं का होतं, ते पाहू. चाकाला १२ खाचा आहेत असं समजा. एक खाच डोळ्यासमोरून जाते, त्या क्षणी आपल्याला आरशात चाक दिसतं. मग पुठ्ठा आडवा येतो. पुढची खाच येईपर्यंत चाक बरोबर ३० अंशांनी फिरलेलं असतं. पण ३० अंशांनी फिरलेलं १२ खाचांचं चाक आधीसारखंच दिसतं. म्हणून प्रत्येक झलक सारखी, आणि चाक थांबलेलं.

आता कोणी प्रत्येक खाचेखाली चित्र काढलं, आणि प्रत्येक चित्र आधीच्या चित्राहून जरासं वेगळं काढलं, तर?

चित्रकाराचा मुलगा

हा प्रश्न जोसेफ प्लातो यांना सुचला. त्यांचा जन्म १८०१ साली ब्रुसेल्समध्ये झाला. वडील फुलांची चित्रं काढणारे चित्रकार होते. मुलानंही चित्रकार व्हावं म्हणून त्यांनी त्याला कलाशाळेत घातलं होतं. चौदाव्या वर्षी जोसेफ पोरका झाला. पुढे त्याचा ओढा विज्ञानाकडे वळला. १८२९ मध्ये लिएजच्या विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध दिला, त्याचा विषय होता प्रकाशाचा डोळ्यावर उमटणारा ठसा. एक तृतीयांश सेकंदाचं मोजमाप वर सांगितलं, ते यांचंच.

१८३२ च्या अखेरीस प्लातोंनी चकती तयार केली. तिच्यावर गिरकी घेणाऱ्या नर्तकाची १६ चित्रं होती आणि कडेला १६ फटी. चकती आरशासमोर फिरवून फटींमधून पाहिलं, की नर्तक गिरक्या घेऊ लागे. त्याच वेळी व्हिएन्नात गणिताचे प्राध्यापक सिमॉन श्टाम्फर यांनीही अगदी अशीच चकती बनवली. दोघांना एकमेकांची माहिती नव्हती. दुवा होता तो फॅरडेंच्या निबंधाचा. शोध लागायची वेळ आली की तो एकाहून अधिक डोक्यांत उगवतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

या चकतीला पुढे 'फेनाकिस्टोस्कोप' असं जड नाव मिळालं. १८३३ पासून ती युरोपातल्या दुकानांत खेळणं म्हणून विकली जाऊ लागली. मागोमाग १८३४ मध्ये विल्यम हॉर्नर यांनी चकतीऐवजी फिरता डबा सुचवला, म्हणजे अनेक जणांना एकदम पाहता येईल. १८६८ मध्ये पानं उलटायच्या वहीचं पेटंट झालं. १८७७ मध्ये एमिल रेनो या फ्रेंच माणसानं फटींच्या जागी आरसे बसवले. १८९२ मध्ये पॅरिसमध्ये हातानं रंगवलेल्या शेकडो चित्रांच्या पट्टीतून त्यानं पडद्यावर छोट्या गोष्टी दाखवल्या. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा यायला अजून तीन वर्षं अवकाश होता. म्हणजे छायाचित्रांच्या सिनेमाआधी हातानं काढलेलं अ‍ॅनिमेशन आलं.

फटी कशासाठी?

आता पुन्हा त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. प्लातोंनी आपल्या चकतीचं स्पष्टीकरण देताना असंच म्हटलं होतं, की थोड्याथोड्या फरकाच्या आकृती झटपट एकापाठोपाठ आल्या, तर त्यांचे दृष्टिपटलावरचे ठसे गोंधळ न होता जोडले जातात. तेव्हाच्या ज्ञानाला धरून ते योग्यच होतं. पण याविरुद्धचा पुरावा त्यांच्याच चकतीत होता.

चकती फिरवा, पण फटींमधून पाहू नका, सरळ तिच्याकडे पाहा. काय दिसतं? राखी रंगाचा गिचका. सोळाही नर्तक एकमेकांत मिसळलेले. हेच खरं दृष्टिसातत्य! ठसे टिकले, एकावर एक पडले आणि चित्र बिघडलं. हे मिसळणं टाळण्यासाठीच फटी आहेत. प्रत्येक चित्र क्षणभर दिसावं, मग मध्ये काळोख यावा, मग पुढचं चित्र. म्हणजे ज्या गोष्टीमुळे हालचाल दिसते असं आम्ही सांगत होतो, तिच्यापासून चित्राला वाचवण्यासाठी सगळी योजना आहे.

सिनेमाच्या यंत्रातही हेच आहे. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी दाखवला जाऊ लागला. पण पडद्यावर सेकंदाला २४ वेळा प्रकाश पडला, तर लुकलुक जाणवून डोळ्याला त्रास होतो. म्हणून यंत्रातली झडप प्रत्येक चौकट निदान दोनदा दाखवते, म्हणजे ४८ झलका. नवी चित्रं मात्र २४ च. हातानं काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये तर पुष्कळदा सेकंदाला १२ चित्रंच काढतात, तरी हालचाल सुरळीत दिसते. यावरून कळतं, की इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. लुकलुक का दिसत नाही, हा एक. तिथे डोळ्याचं मंदपण उपयोगी पडतं. हालचाल का दिसते, हा दुसरा. त्याचं उत्तर आणखी आत शोधावं लागतं.

दोन रेघा

ते शोधलं माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानं, जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये. १९१२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. प्रयोग अगदी साधा होता. एका जागी एक उजळ रेघ क्षणभर दाखवायची, मग शेजारी दुसरी. मधला काळ सुमारे ०.२ सेकंद असला, तर लोक म्हणत, "आधी ही दिसली, मग ती." काळ ०.०३ सेकंद केला, तर म्हणत, "दोन्ही एकदम दिसल्या." पण सुमारे ०.०६ सेकंद असला, की सगळे म्हणत, "एकच रेघ इथून तिथे सरकली."

मधल्या जागेत काहीही नव्हतं. तिथून दृष्टिपटलावर काही पडलंच नव्हतं, मग टिकणार काय? शिवाय काळ आणखी कमी केला आणि ठसे खरोखर एकाच वेळी हजर असले, तेव्हा हालचाल नाहीशी होत होती. डोळा सरकतो म्हणून रेघ सरकल्यासारखी वाटते, अशीही एक शंका होती. वेर्टहायमर यांनी एकाच वेळी दोन विरुद्ध दिशांना जाणाऱ्या रेघा दाखवल्या, आणि दोन्ही सरकताना दिसल्या. डोळा एकदम दोन दिशांना जाऊ शकत नाही. तेव्हा हालचाल ही चित्रं जोडून मागाहून बनवलेली गोष्ट नाही. ती मेंदूची स्वतंत्र जाणीव आहे, रंगासारखीच.

याचा दुसऱ्या बाजूनं पुरावा मिळाला १९८३ साली. मेंदूच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झालेल्या एका महिलेचा अभ्यास जर्मनीतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. तिला रंग दिसत, आकार दिसत, अक्षरं वाचता येत. हालचाल मात्र दिसत नसे. कपात चहा ओतताना धार तिला गोठलेली दिसे, आणि कप भरत आल्याचं कळतच नसे. रस्ता ओलांडताना लांब असलेली गाडी एकदम जवळ आलेली असे. तिचे डोळे चांगले होते. हालचाल बघणारा मेंदूचा भाग तेवढा गेला होता.

तेव्हा मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असं. पोपट पिंजऱ्यात बसतो, फुलबाजीचं कडं दिसतं, ते दृष्टिसातत्यामुळे. वहीतला मुलगा धावतो, तो मेंदू हालचाल ओळखतो म्हणून. दोन्ही खेळणी एकाच तासाला दाखवायची, पण कारणं दोन सांगायची.

वाटाण्याचा अंकुर

हलत्या चित्रांनी विज्ञानाला आणखी एक मोठी गोष्ट दिली. दुर्बिणीनं लांबचं जवळ आणलं, सूक्ष्मदर्शकानं लहानाचं मोठं केलं. या चित्रांनी काळ लहानमोठा करता आला.

आधी वेगवान गोष्टी मंद झाल्या. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज यांनी धावणाऱ्या घोड्याच्या वाटेवर ओळीनं कॅमेरे मांडले. घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात, हे ठरलं. पण चित्रकार दाखवत तसे पाय पुढेमागे फाकलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. १८९४ मध्ये फ्रान्सच्या मारे यांनी उलटं सोडलेलं मांजर हवेत वळून पायांवर कसं उतरतं, त्याची चित्रमाला घेतली. आधार नसताना मांजर वळतं कसं, यावर तिथल्या विज्ञान अकादमीत चांगलाच वाद झाला.

मग मंद गोष्टी वेगवान झाल्या. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पेफर यांनी १९०० च्या आसपास वनस्पतींच्या वाढीची आणि हालचालींची अशी चित्रं घेतली. आणि १९१२ साली हाच प्रयोग मुंबईत दादरला एका घरात झाला. करणारे होते धुंडिराज गोविंद फाळके.

फाळके जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. छायाचित्रण, छपाई, जादूचे खेळ, सगळं केलेलं. सिनेमा काढायचं मनात आल्यावर रात्रंदिवस वाचन आणि प्रयोग करून डोळ्यांवर इतका ताण आला, की काही काळ दिसेनासं झालं होतं. उपचारांनी दृष्टी परत आली. मग ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. पण भांडवल कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि ठरावीक अंतरानं एकेक चौकट घेत गेले. 'अंकुराची वाढ' हा छोटासा चित्रपट तयार झाला. पडद्यावर बी फुटलं, रोप वर आलं, वेल चढू लागला. ते पाहून पैसे देणारा तयार झाला. सरस्वतीबाईंनी दागिनेही तारण ठेवू दिले. पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ ला, 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. भारतीय चित्रपटाच्या उगमाशी वनस्पतिशास्त्राचा एक प्रयोग आहे, हे आपण विद्यार्थ्यांना क्वचितच सांगतो. पुढे फाळक्यांनी आगपेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' नावाचं अ‍ॅनिमेशनही केलं.

इथे वर्गासाठी एक गणित आहे. सेकंदाला १६ चौकटी धरल्या, तर एक मिनिटाच्या चित्रपटाला ९६० चौकटी लागतात. तीस दिवसांची वाढ एका मिनिटात दाखवायची तर किती वेळानं एक चौकट घ्यावी? उत्तर येतं ४५ मिनिटं, रात्र धरून. कॅमेऱ्यापाशी किती चिकाटी लागत असेल, ते या आकड्यावरून कळतं.

वर्गात करा

जाड पुठ्ठ्याची २५ सेंटिमीटर व्यासाची चकती कापा. कडेला समान अंतरावर १२ फटी पाडा. प्रत्येक ३ सेंटिमीटर खोल आणि ३ मिलिमीटर रुंद. मागची बाजू काळी करा. पुढच्या बाजूला प्रत्येक फटीखाली एकेक चित्र: उडी मारणारा चेंडू, उमलणारं फूल, काहीही. मध्ये टाचणी टोचून चकती पेन्सिलीच्या मागच्या रबरावर बसवा. चित्रं आरशाकडे करा, चकती फिरवा आणि फटींमधून आरशात पाहा.

मग तीन प्रश्न विचारा. फटींमधून न पाहता फिरत्या चकतीकडे सरळ पाहिलं तर काय दिसतं? फटी रुंद केल्या तर चित्र स्पष्ट होतं की पुसट? आणि १२ फटींना १३ चित्रं काढली तर? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी कागदावर काढायला सांगा. फटीपासून फटीपर्यंत चकती ३० अंश फिरते, पण चित्रांमधलं अंतर सुमारे २७.७ अंशच असतं. म्हणून प्रत्येक झलकेला चित्रं चकतीच्या फिरण्याच्या दिशेनं थोडी पुढे सरकलेली दिसतात. ११ चित्रं काढली तर ती उलट चालू लागतात. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, त्याचं कारणही हेच आहे.

प्लातोंची गोष्ट थोडी राहिली. १८२९ मध्ये एका प्रयोगासाठी त्यांनी भर दुपारच्या सूर्याकडे वीस-पंचवीस सेकंद पाहिलं होतं. १८४३ पर्यंत त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्या प्रयोगामुळेच ते आंधळे झाले असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. नंतरच्या नेत्रतज्ज्ञांना मात्र डोळ्याच्या आतला दीर्घकाळचा दाह हे कारण अधिक संभवनीय वाटतं. अर्थात सूर्याकडे बघणं घातकच आहे, हे मुलांना बजावून सांगायलाच हवं. अंध झाल्यावर प्लातो आणखी चाळीस वर्षं जगले आणि काम करत राहिले. साबणाच्या पडद्यांचे प्रयोग ते सांगत, पत्नी, मुलगा, जावई आणि सहकारी ते करून काय दिसलं ते त्यांना वर्णन करून सांगत. १८७३ मध्ये त्यावरचा मोठा ग्रंथ निघाला. साबणाच्या बुडबुड्यांना जोडणारे जे नियम आज आपण शिकतो, ते त्यांच्याच नावानं ओळखले जातात.

त्यांनी चकतीचं दिलेलं कारण अपुरं होतं, म्हणून चकतीचं मोल कमी होत नाही. तिच्यामुळेच पुढचा प्रश्न विचारता आला. आम्ही त्या बाईंना पत्र लिहून त्यांच्या मुलीला कळवलं, की तुझं म्हणणं बरोबर होतं आणि आम्ही दिलेलं उत्तर चुकीचं होतं. सोबत पुठ्ठ्याची एक चकती पाठवली. तिच्यावर धावणारा मुलगा होता, बारा चित्रांचा, आणि प्रत्येक चित्रात पाय दोनच.